पाळीची काठी

सोमवारी सकाळी नऊ वाजता चैतीने कागदावर अंगठा उठवला. साखरशेतच्या वरच्या टेकडीवर, वीरांच्या अकरा दगडांसमोर, पाड्यातल्या अकरा घरांची माणसं उभी होती.

साल १९१३. जव्हारच्या रस्त्यावर ओढ्याला मोरी बांधायची होती आणि घडीव दगड हवे होते. टेकडीवरचे दगड कमरेएवढे होते, चंद्रसूर्य आणि तलवारवाले कोरलेले. कचेरीतून आलेल्या दामोदर कारकुनाला ते मोरीत घालायचे नव्हते. त्याने तसं उघड सांगितलं.

"पण हुकूम असा आहे. ज्याला धनी नाही ते बेवारस, आणि बेवारस ते सरकारजमा. एक नाव द्या. दगड वाचतील."

नाव कोणी देईना. जागा कोणा एकाची नव्हतीच. पळसाची एक काठी रोज पहाटे एका दारातून पुढच्या दारात जाई. ज्याच्या दारात काठी, त्या घरातल्या एकाने वर जायचं, कुडाची ताटी उघडायची, जागा झाडायची, पाण्याचं मडकं भरायचं आणि वाटसरू आला तर दगड, म्हणजे त्यावरच्या वीराची गोष्ट, सांगायचा. तोही एकच, आपल्या घराचा. दुसऱ्या घरचा वीर आपल्या तोंडाने सांगायचा नाही. काठी मागायची नाही, आपण उचलायची नाही. शेजारी आणून देईल तेव्हा हातात घ्यायची. अकराही वीर ऐकायचे तर अकरा दिवस टेकडी चढावी लागे. घाटातले बैलवाले थट्टा करत, "तुमचे वीर मेले एका दिवसात, सांगायला मात्र अकरा लागतात."

"कागदावर नाव गेलं का वेठीला पहिली हाक त्यालाच," माघ्या म्हणाला. त्याचं घर चैतीच्या शेजारचं. दोन वर्षांपूर्वी त्याचं नाव असंच कुठेतरी लिहिलं गेलं होतं. तो ओझी वाहायला गेला आणि त्याची नाचणी शेतातच झडली.

"बाईला ओझ्याला नेत नाय," चैती म्हणाली. ती विधवा होती, घरात एकटी. "माझं लिवा."

दामोदरने लिहिलं: दगड अकरा, धनी चैती. मग समजावलं, "महिन्याने साहेब बघायला येतील. जागा उघडी, झाडलेली दिसली पाहिजे. आणि कोणत्या दगडावरचा वीर कोण, त्याने काय केलं, ते धन्याला सांगता आलं पाहिजे. नाहीतर कागदाला अर्थ नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे चैती आपल्या दारातली काठी घेऊन माघ्याच्या दारात गेली.

"ही कशाला आणलीस, वयनी?"

"तुझी पाळी हाय."

"धन्याला कसली पाळी? कागद तुझा, काठी बी तुझी."

"मी धनी नाय रं. दगड वाचावं म्हणून अंगठा दिला."

"वाचवलंस ना? मग आता तूच झाड."

तो रागाने बोलला नाही. दार मात्र लावून घेतलं. पुढच्या घरी फागी म्हणाली, घरधनी रानात गेलाय, त्याला विचारल्याशिवाय कसं घेऊ. त्याच्या पुढच्या घरी लाडकीने हात पुढे केला. आतून सासरा खाकरला, तशी तिने हात मागे घेतला. अकराव्या दारापर्यंत ऊन आलं. चैतीने काठी परत आणून आपल्याच दारात टेकवली आणि ती वर झाडायला गेली.

महिनाभर ती एकटी गेली. ताटी एक दिवस बंद राहिली नाही. येईल त्याला ती आपल्या घराचा वीर सांगे. दुसऱ्या दगडाचं विचारलं तर म्हणे, "त्याची पाळी आज नाय." रोज तोच दगड ऐकून बैलवाले कंटाळले. खालूनच जाऊ लागले.

साहेब आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दामोदर कागद घेऊन मागे उभा. पाड्यातली माणसं ताटीबाहेर जमली. चैतीने पहिला दगड सांगितला: चोरांनी नेलेली गुरं सोडवायला गेला, गुरं परत आली, तो आला नाही.

"छान. हा दुसरा?"

चैतीने ताटीकडे पाहिलं. माघ्या मान खाली घालून उभा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून, वीस वर्षं, तिने माघ्याच्या घरचा वीर ऐकला होता. तिला अकराही पाठ होते.

"बोल गं," दामोदर दबक्या आवाजात म्हणाला. "काहीही सांग."

"तो माघ्याच्या घरचा हाय. त्यानंच सांगायचा."

माघ्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या दारात काठी नव्हती.

तिसऱ्या दगडापाशी चैती म्हणाली, फागीच्या घरचा. चौथ्यापाशी, लाडकीच्या. अकराव्यापर्यंत तिने फक्त घरं सांगितली. बाहेरून एकही आवाज आला नाही. साहेब सरळ माणूस होते. जेवढं ऐकलं तेवढंच त्यांनी लिहवलं: एका दगडाची माहिती मिळाली, दहा बेवारस.

गुरुवारी उजाडताना दगड न्यायला तीन बैलगाड्या टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. चैती वर झाडत होती. माघ्या पाळी घ्यायला तिच्या दारात उभा होता, त्याच्या मागे फागी, तिच्या मागे लाडकीचा सासरा. काठी कुडाला टेकलेली होती, हातभर अंतरावर. ती आणून द्यायला कोणी नव्हतं.