हा रस्ता आपला नाही

"हा रस्ता आपला नाही," नवरा हळूच म्हणाला तशी तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

एक्सप्रेस बस नुकतीच हायवे सोडून डावीकडे वळली होती. दोन्ही बाजूंना खडीच्या खाणी, आणि चिटपाखरू नाही. दुसरं कोणी असं बोललं असतं तर तिनं कानाआड केलं असतं. पण बोलणाऱ्यानं उभा जन्म याच मार्गावर एक्सप्रेस चालवली होती. त्याला रस्ता परका वाटला, म्हणजे तो परकाच असणार.

तिला स्वतःला ठाऊक होता तो लेकीच्या मोटारीतून दिसलेला रस्ता. मोटार एकदा हायवेला लागली की थेट लेकीच्या दारात थांबायची. नवऱ्याच्या बसमध्ये मात्र ती कधीच बसली नव्हती. घरचं माणूस मागे असलं की माझं लक्ष आरशातच राहतं, असं म्हणून त्यानं तिला कायम टाळलं होतं.

आज निघतानाच बापलेकीची फोनवर जुंपली होती.

"बाबा, मी मोटार घेऊन येते ना. एक्सप्रेस नुसती नावाची, गावागावात शिरते ती."

"मला शिकवतेस? एक्सप्रेस नाकासमोर जाते. तुझ्या मोटारीइतकीच सरळ!"

माशाला पोहायला कोण शिकवणार? लेकीनं फोन ठेवला.

बस पुन्हा वळली. हा रस्ता आणखी अरुंद होता.

"बघ, आत आत नेतोय," नवरा कुजबुजला. "याचं लक्षण काही ठीक नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिला खरी धडकी भरली ती तो घाम बघून. एकदा ब्रेक निकामी झालेली बस घाटातून खाली आणून हा माणूस घरी येऊन दोन कप चहा प्यायला होता, आणि वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरला होता. त्याला घाबरलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं गळ्यातली साखळी काढून पिशवीच्या तळाशी कोंबली. लेकीला फोन लावला, तर रेंज नाही.

तेवढ्यात नवरा ताडकन उठला.

"थांबव! गाडी थांबव! कुठं नेतोयस आम्हाला?"

मागच्या बाकावरचं बाळ किंचाळून रडायला लागलं. औषधांचा विक्रेता बॅग छातीशी धरून उभा राहिला. आणखी दोघे बाह्या सरसावत पुढे गेले. बस कडेला थांबली. केबिनचं दार उघडून ड्रायव्हर बाहेर आला. चांगला आडदांड गडी होता. तिनं देवाचा धावा सुरू केला.

ड्रायव्हरनं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"उस्ताद! तुम्ही?" त्यानं दोन्ही कान पकडले. मग तो इतरांकडे वळला. "घाबरू नका हो. उस्तादांची जुनी खोड आहे ही, मी शिकाऊ होतो तेव्हाही असंच दरडावून परीक्षा घ्यायचे. ही आतली गावं एक्सप्रेसला घ्यावीच लागतात. मोटारीसारखं सरळ जायला आपण काय जावई लागून गेलो? ही सगळी वळणं यांनीच माझ्याकडून घोटून घेतलीत!"

सगळी बस हसली. बाळाची आईसुद्धा हसली. बायकोचा तर जीव भांड्यात पडला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, वय काय आणि थट्टा काय!" तिनं नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. "जीव घेतला असतात माझा."

लोकांकडे बघून तोही हसला. बस सुरू झाली, बाळ शांत झालं, विक्रेत्यानं डोळे मिटले.

मग नवरा तिच्या कानाशी वाकला.

"कोण गं हा?"