टायरची रजा

सगुणाबाईंनी चारही टायरांवरून तळहात फिरवला. जिवंत रबर कोमट लागत होतं. काल चीर पडलेल्या जागी नवी साल धरली होती.

"ठणठणीत आहेत. ने गाडी."

दस्तगीर हलला नाही. "मावशी, कार्डावर एखादं टायर आजारी लिहा की. टायर आजारी पडलं तर कंपनी गाडी तीन दिवस सावलीत ठेवते. तेवढाच मी झोपतो."

"आणि तू आजारी पडलास तर?"

"मला काढून दुसरा ड्रायव्हर बसवतात. काल घाटात डोळा लागला, मावशी. मागं पाच माणसं बसलेली."

सगुणाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "तीस वर्षं या नाक्यावर बसले. लोकांनी रस्त्यात खिळे टाकून गिऱ्हाईक ओढलं, मी एक टाचणी टाकली नाही. खोटं लिहून पाहिजे तर पलीकडच्या गॅरेजात जा. तिथं इमान भाड्यानं मिळतं."

दस्तगीरनं गाडीचं दार उघडलं आणि दाराला धरून उभ्या उभ्याच त्याची मान कलली.

सगुणाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पंक्चरचा टोचा उचलला, मागच्या टायरापाशी बसल्या आणि मुठीपर्यंत आत खुपसला. रबर जनावरासारखं थरथरलं.

त्यांनी कार्डावर लिहिलं, 'खोल जखम. तीन दिवस सावली.' अक्षर न अक्षर खरं होतं.

मग टायरावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "सोस जरा, बाई. तुझं दुखणं तरी मोजतात."