शेवटची खेप

लाट आडवी आली आणि कप्तानाच्या हातातला चहा सरळ त्याच्या बुटात गेला.

"सांडला ना?" खालच्या खोलीतून बायकोने विचारलं.

"सांडला."

"आता दुसरा मागू नका. या हलण्यात चहा करायचा म्हणजे पळत्या घोड्यावर बसून सुईत दोरा ओवायचा."

कप्तान हे नाव त्याला तिनेच ठेवलं होतं, लग्न झाल्या झाल्या, टोमणा म्हणून. एवढीशी शिडाची होडी, तिच्यावर माणसं दोन, आणि हा हुकूम सोडतो जहाजाचे! पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सगळ्या बेटांवर लोक त्याला कप्तानच म्हणत.

दोघांचा जन्म या होडीवर गेला. या बेटावरून त्या बेटावर त्यांनी काय काय वाहिलं नव्हतं! सिमेंटच्या गोण्या, शाळेची बाकं, कुणाचं आरशाचं कपाट, एकदा तर एक रुसलेली गाय. मुलगा या फळ्यांवरच चालायला शिकला. पहिल्यांदा जमिनीवर सोडला तेव्हा झिंगल्यासारखा झुलत चालला, आणि ती पोट धरधरून हसली होती.

आता तो मुलगा मोठ्या बेटावर नोकरीला होता. आईबापांसाठी त्याने शेजारची जागा घेऊन ठेवली होती. उद्या सकाळी तो धक्क्यावर होडीच्या नव्या मालकाला घेऊन उभा राहणार होता. होडीची किल्ली द्यायची आणि पायऱ्या चढून घरी जायचं. संपलं.

ठरवलं होतं कप्तानानेच. हिवाळ्यात ती ओल्या फळीवरून घसरली आणि कमरेवर आपटली. दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून म्हणाली, "कंटाळा आला हो या हलण्याचा." एवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. पण ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं. त्याच आठवड्यात त्याने मुलाला सांगितलं, गिऱ्हाईक बघ.

आणि शेवटच्याच खेपेला वाऱ्याने दावा साधला. तो समोरून तिरका येत होता. होडी लाटेवर चढायची आणि पलीकडे धाडकन आपटायची. आपटली की कप्तानाचे दात वाजायचे. अंगावरचे कपडे भिजून जड झाले होते.

ती शिडीवरून डोकं बाहेर काढून म्हणाली, "त्या घराच्या खिडकीतून काय दिसतं हो?"

"समोरच्या इमारतीची भिंत."

"बरं. म्हणजे वारा यायचा नाही."

"नाही."

"आणि पातेलं गॅसवर ठेवलं की तिथेच राहील."

"तिथेच राहील."

मग बॅटरीचा झोत होकायंत्रावर पाडून तिने काटा पाहिला. काटा जिथे हवा तिथेच होता. ती खाली गेली.

थोड्या वेळाने पुन्हा आली. पुन्हा झोत, पुन्हा काटा. मग आणखी एकदा.

कप्तानाला ते लागलं. हिला वाटतंय, म्हातारा होडी माघारी वळवेल. तोंडाने मात्र ती काही विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुकाणू ज्याच्या हातात असेल त्याला दुसऱ्याने दिशेबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, असा होडीवरचा नियम होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं भर समुद्रात भांडली आणि होडी खडकावर जाता जाता वाचली, तेव्हा केलेला. तो दोघांनी कधी मोडला नव्हता.

तिचा संशय तरी खोटा कुठे होता? हात जरासा सैल सोडला असता तर पुढचं काम वाऱ्याने केलं असतं. आपटणं थांबलं असतं. मुलाला काय, हवा वाईट होती म्हणून सांगता आलं असतं. पण तिची ती खाट आठवली की त्याची मूठ आवळायची. बाईने आयुष्यभर त्याच्यापायी हाल काढले. निदान एक रात्र सरळ नेता येऊ नये?

त्याने होडी सरळ नेली. दंडांची लाकडं झाली, डोळ्यांत मीठ गेलं, पण काटा त्याने हलू दिला नाही.

मध्यरात्र टळल्यावर ती अंगावर रेनकोट चढवून वर आली. "उठा. माझी पाळी."

"कंबर?"

"कंबर आहे जागेवर. जा, पडा."

"काटा सांभाळ."

"मला शिकवू नका," ती म्हणाली आणि सुकाणूवर बसली.

तो ओल्या कपड्यांनिशीच आडवा झाला. पडल्या पडल्या वाटलं, उद्यापासून न हलणाऱ्या खाटेवर झोप कशी यायची. मग अर्धवट झोपेत त्याला जाणवलं, आपटणं थांबलंय. होडी पाळण्यासारखी मागून पुढे झुलत होती. वारा पडला एकदाचा, असं मनाशी म्हणून तो मेल्यासारखा झोपला.

जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर. ऊन डावीकडच्या झरोक्यातून येत होतं; यायला हवं होतं उजवीकडून. तो बराच वेळ नुसता त्या झरोक्याकडे बघत राहिला. मग धडपडत वर गेला.

वारा पडला नव्हता. तो आता पाठीमागून होता, आणि शीड गच्च भरलं होतं. समोर धक्का होता, पण धक्क्यावर मुलगा नव्हता. बर्फाच्या कारखान्याची हिरवी कौलं होती, आणि काल दुपारी त्यांना निरोप द्यायला आलेली बर्फवाली बाई कमरेवर हात ठेवून आ वासून बघत होती.

"अगं," तो म्हणाला, "हे तर..."

"दोर घ्या हातात. नुसते उभे काय राहिलात?"

त्याने दोर घेतला. "तुला तर कंटाळा आला होता ना?"

"दवाखान्यातल्या खाटेवर माणूस काय वाटेल ते बोलतं." तिने सुकाणू हलकेच वळवलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आणि आवाज रात्रभर जागल्याने फाटला होता. "सारखी वर येऊन काटा बघत होते. म्हटलं, आता वळवतील, मग वळवतील. शेवटी मलाच वळवावी लागली."