बाकावरच्या पाच जणी

"पुढची!"

निळ्या शर्टातल्या अधिकाऱ्यानं हाक मारली तशी कासिल्दा उठली. नवे बूट चावत होते. डोक्यावरची टोपी इतकी हलकी होती की ती पडली तर नाही ना, असं सारखं वाटत होतं.

"नाव?"

तिनं कागदावरचं नाव घडाघडा सांगितलं, दोन्ही आडनावांसकट.

"मुलीचं?"

"फेलिसा उगाल्दे अर्तेचे."

"नवरा?"

"आघाडीवर गेला."

"कुणाच्या बाजूनं?"

"आता मेलेल्यांच्या बाजूला आहे, साहेब."

बाकावरच्या चारही बायकांनी माना खाली घातल्या. अधिकाऱ्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं.

स्पेनच्या सरहद्दीवरच्या इरूनच्या जकातघरात सकाळपासून हेच चाललं होतं. अडीच वर्षांपूर्वी बिल्बाओवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा हजारो पोरं बोटीत कोंबून इंग्लंडला धाडली होती. आता यादवी युद्ध संपलं होतं, जिंकणारे खुर्चीत बसले होते आणि पोरं आगगाडीनं परत येत होती. पण पोर नुसतं मागून हातात पडत नव्हतं. आईनं आधी प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग बाकावर जाऊन बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पोरानं पाच जणींतून आपली आई ओळखायची.

ओळखली तर घरी. नाही ओळखली, किंवा आईबाप तुरुंगात असले, तर दाराशी एक नन उभी होती आणि बाहेर बंद गाडी. ती गाडी कुठल्या गावच्या अनाथाश्रमात जाते ते कुणी सांगत नव्हतं. तिथे पोरांची नावं बदलतात एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

"अंगावर खूण?"

"डाव्या गुडघ्यावर व्रण. जिन्यात पडली होती."

"खात काय नाही?"

"दुधावरची साय. दिसली तरी तोंड वाकडं करते."

बिल्बाओहून येताना कासिल्दानं हे सगळं मनात पुन्हापुन्हा घोकलं होतं. अडीच वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. फेलिसा आठवायला गेलं की तिला एकच चित्र दिसायचं: सकाळची वेळ, अर्धं उघडं दार, पिंजारलेले केस आणि दोन्ही हातांनी पुढे धरलेली निळ्या काठाची थाळी. तेव्हा पोर सहा वर्षांची होती. आता साडेआठची. तिला आपला चेहरा आठवेल का, ही एकच काळजी कासिल्दाला कालपासून होती.

"जन्म दिवसाचा की रात्रीचा?"

हे कासिल्दानं घोकलं नव्हतं. अधिकारी लेखणी उचलून वाट बघत होता.

"तेव्हा मी घड्याळाकडे बघत नव्हते, साहेब."

बाकावरच्या एकीला हसू आवरेना. अधिकाऱ्याच्याही मिशीचं टोक हललं. "बस तिकडे," तो म्हणाला.

ती जाऊन शेवटच्या जागेवर बसली. शेजारी सेस्ताओ गावची ओब्दुलिया होती. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, कारण गावात सैनिकांनी तिचे केस भादरले होते. तिनं त्यांच्या मुलखाच्या बास्क भाषेत हळूच विचारलं, "रुमालात ओळखेल ना गं मला?"

"ए! ख्रिस्ती माणसांच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये बोलायचं!" पहारेकरी ओरडला. "आणि इथे तेही नाही."

पुढची हाक ओब्दुलियाच्या मुलीची होती. पाठोपाठ फेलिसालाही आणून दाराशी उभं केलं. उंच झाली होती पोर. केस इंग्रजी पद्धतीनं कानापर्यंत कापलेले.

ओब्दुलियाची लहानगी बाकासमोरून गेली, परत आली. प्रत्येकीकडे पाहिलं. रुमालवाल्या बाईकडेही पाहिलं. मग ती इंग्रजीत काहीतरी बोलून रडायला लागली. नननं तिचा हात धरला. ओब्दुलियानं रुमाल ओढून काढला, तर पोर आणखीच घाबरली. दोन पहारेकऱ्यांनी ओब्दुलियाला उचलून बाहेर नेलं. तिचा आक्रोश जकातघराच्या भिंतीआडून बराच वेळ ऐकू येत राहिला.

दाराशी उभ्या फेलिसानं हे सगळं पाहिलं.

"आता तू," अधिकारी म्हणाला. "नीट बघ. आई कोणती?"

फेलिसा पहिलीसमोर थांबली, मग दुसरीसमोर, तिसरीसमोर. कासिल्दानं गुडघ्यावर हात घट्ट दाबून धरले होते. पोरीची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, क्षणभर थबकली आणि पुढे सरकली. पुढे तर नुसती भिंत होती.

"यांत कुणीच नाही?"

फेलिसानं दाराकडे पाहिलं. नन पुन्हा आत येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे गाडीचं दार उघडं होतं आणि आत ओब्दुलियाची पोर हुंदके देत होती.

"बोल लवकर. मागे रांग आहे."

देवा, काहीतरी कर, कासिल्दा मनात म्हणाली. तिला ओरडावंसं वाटत होतं. पहारेकरी तिच्याकडेच बघत होता.

फेलिसा वळली. दोन पावलं टाकून कासिल्दासमोर आली.

"आई!" ती स्पॅनिशमध्ये मोठ्यानं म्हणाली आणि तिनं कासिल्दाच्या गळ्यात हात टाकले.

कासिल्दाला रडू फुटलं. ते खरंखुरं होतं, कुणालाही दिसेल असं. अधिकाऱ्यानं कागदावर शिक्का मारला आणि घेऊन जा अशी हातानं खूण केली. नननं घड्याळात पाहिलं. पहारेकऱ्यानं पुढच्या पोराला आत ढकललं.

फेलिसानं मिठी सोडली नाही. कासिल्दाच्या मानेत तोंड खुपसून, पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिनं बास्कमध्ये विचारलं, "मासळीवाल्या मावशी, माझी आई कुठे आहे?"