बरे झालेले रुग्ण

सोनईच्या कल्याणने नगरच्या एका दवाखान्याची वेबसाइट बनवली, तेव्हा 'बरे झालेले रुग्ण' या पानासाठी दवाखान्याने एकही फोटो धाडला नाही. मागून मागून तो कंटाळला आणि तात्पुरता म्हणून त्याने आपल्या आईचाच, छबूबाईचा, हसरा फोटो तिथे टाकून दिला. "मला कंचा आजार झालता रं?" म्हणत ती माउली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. डॉक्टरांना मात्र तो चेहरा एवढा पसंत पडला, की बाई कुणाची कोण, हेही न विचारता त्यांनी तो फोटो तसाच राहू दिला.

पुढे या गिऱ्हाइकाचं काम काही संपता संपेना. दवाखान्याचे मॅनेजर सारखे फोन करायचे. आज रंग बदला, उद्या अक्षरं मोठी करा. कल्याणही बिचारा मुकाट्याने करून द्यायचा.

परवा आईच्या छातीत कळ आली, तसं थोरल्या भावाने, अंगदने, तिला त्याच दवाखान्यात नेलं. आज कल्याण दोघांचा डबा घेऊन निघणार, तोच मॅनेजरचा फोन आला.

"कल्याणराव, हातातलं काम सोडा आणि त्या हसणाऱ्या म्हातारीचा फोटो आधी काढा."

"का हो साहेब? लोकांना लई आवडतो तो."

 

"अहो, तीच बाई आत्ता आमच्या आयसीयूत वारली. नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही, त्यांनी बघायच्या आत काढा."