नवरीची गाडी

वसईत बिल्डरांचं पेव फुटलं, तशी वटारच्या जयवंतने अर्धी वाडी विकून पांढरीशुभ्र मर्सिडीज घेतली आणि लग्नसराईत भाड्याने द्यायला लागला. चालवायचा स्वतःच. कुणाकुणाच्या नवरीसाठी उतरून, कमरेत वाकून दार उघडायचा. बायकोला, वसुंधराला, मात्र त्या गाडीत त्याने कधी टेकूसुद्धा दिलं नाही. ती फक्त काचा पुसायची धनी.

पापडीला, माहेरी, तिची आई विहिरीपाशी पडली, पाय मोडला, तेव्हाही हा म्हणाला, "शुभकार्याची गाडी आहे ती! आजारी माणूस घातलं, तर उद्या तिच्यात नवरी कोण बसवेल? रिक्षा कर."

रिक्षात खड्ड्याखड्ड्याला म्हातारी कळवळत होती आणि वसुंधरा दातओठ खात तिचा पाय धरून बसली होती.

दीडेक महिन्याने मांडववाल्याने बुकिंग दिलं. नवरीला पापडीच्या तळ्यापाशी घ्यायचं होतं. त्या सकाळी वसुंधराने मुकाट्याने बॉनेटला झेंडूचा हार बांधून दिला आणि "आईकडे जाते" म्हणून ती रिक्षाने पुढे निघून गेली.

जयवंत तळ्यापाशी पोचला, तर समोरून प्लास्टर घातलेला पाय ओढत, लेकीच्या खांद्यावर भार टाकून सासूच येत होती.

"नवरी कुठाय?" त्याने काचेतूनच विचारलं.

"आईचं प्लास्टर काढायला जायचंय. मांडववाल्याकडचं बुकिंग माझंच आहे," वसुंधरा म्हणाली.



आईला घेऊन ती मागच्या दारापाशी जाऊन थांबली. "उतरा खाली. आणि वाकून दार उघडा."