शेजारचं खगोलशास्त्र

ग्रंथालयशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकीने एक पुस्तक पेरायचं, वाढवायचं आणि त्याचं बी आतला एकही शब्द न बदलता परत करायचं असतं. शर्वाणी भोईरच्या झेंडूत लोणच्यांचं पुस्तक साठवलेलं होतं. शेजारच्या वाफ्यात खगोलशास्त्र होतं, तेही झेंडूतच. फुलं आल्यावर मधमाश्या अडवायची जाळी टाकायला ती विसरली होती आणि आता परीक्षेला उभी होती.

तांबे मॅडमनी तिचं बी वाचनयंत्रात टाकलं आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला.

"चंद्राच्या फोडी करून उन्हात वाळवाव्यात. शनीची कडी सोलून बाजूला ठेवावीत. ध्रुवतारा बरणीच्या तळाशी घालावा, म्हणजे बाकीचे तारे हलत नाहीत." त्या थांबल्या. "जाळी विसरलीस ना गं?"

"हो, मॅडम. मी नापास?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या.

"मूळ बी कपाटात सुखरूप आहे. पण हे पुस्तक जगात दुसरीकडे कुठेच नाही. याची ग्रंथालयाच्या तालिकेत नीट नोंद केलीस, तर पास करते. विषय?"

"पाककृती. नाही, खगोलशास्त्र. मॅडम, दोन्हीकडे करते."

"बरोबर. आणि लेखक?"

शर्वाणीने वाफ्याकडे पाहिलं. झेंडूवरून मधमाश्या पलीकडच्या इतिहासाच्या वाफ्याकडे निघाल्या होत्या.

"त्या अजून लिहितायत, मॅडम," ती म्हणाली.